काळी कड

माय, गेल्या गुरुवारी माझ्या पोटात दुर्बीण घातली. घशातून नळी आत सरकली तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं आणि नर्स म्हणाली, "मॅडम, रडू नका, झालंच." मी रडत नव्हते, नळीनं डोळे भरतातच, पण तिला हे सांगायला तोंड मोकळं नव्हतं. चार महिने जेवण झालं की बरगडीखाली जळजळायचं. चार महिने मी कुणाला काही बोलले नाही. आठवीला पचनसंस्था शिकवताना फळ्यावर जठर काढायचं, आणि खडू त्या पिशवीच्या खालच्या वळणावर आला की हात थांबायचा, कारण तुझी गाठ नेमकी तिथं होती. शेवटी तुझ्या जावयानं मला धरून नेलं. डॉक्टर तरुण होता, माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसून गेला असेल असा. त्यानं रिपोर्ट दिला आणि म्हणाला, थोडी सूज आहे, चहा कमी करा, वेळेवर जेवा. मी विचारलं, "बाकी काही?" तो म्हणाला, "बाकी काहीच नाही, मॅडम." मी तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि त्यानं तेच उत्तर पुन्हा दिलं, बिचारा चिडला नाही.

घरी आल्यावर पुण्याला तुझ्या नातीला फोन केला. ती रडली, हसली, मला रागावली, सगळं एका दमात. शाळेतल्या दोन बायांना सांगितलं. पण मला सारखं वाटत राहिलं की ज्या माणसाला ही बातमी द्यायची ते राहूनच गेलंय. चौदा वर्षांपूर्वी एसटीत तू मला एक प्रश्न विचारला होतास, "तुला बी व्हईल का गं?" मी म्हणाले होते, "पाणी पी, माय." त्या प्रश्नाचं उत्तर मला आत्ता गुरुवारी मिळालं. म्हणून शाळेच्या जुन्या वहीतले मागचे कोरे कागद काढून लिहायला बसले आहे. शाळेला सुट्टी आहे, सकाळचं ऊन ओट्यावर आलं आहे, आणि घरात कालच्या भाजल्याचा वास अजून आहे. त्या वासाचंही सांगायचं आहे, पण ते मागाहून.

धावड्याचं आपलं घर डोळ्यांपुढं आणायला मला काही कष्ट पडत नाहीत. बाप मी दोन वर्षांची असतानाच गेला, घरात आपण दोघीच. गावात कधी मांसाचे वाटे पडले की तू आपला वाटा पदराखाली झाकून आणायचीस. त्यातल्या अर्ध्याचं त्या दिवशी कालवण. उरलेल्याच्या तू लांब पट्ट्या कापायचीस, मीठ-हळद चोळायचीस आणि अंगणातल्या दोरीवर टाकायचीस, चान्या वाळायला. कावळे हाकायला मी खाली बसलेली, हातात तुराटी. माझ्या आयुष्यातली ती पहिली नोकरी, आणि आजच्या नोकरीपेक्षा त्यात जबाबदारी जास्त होती, कारण एक पट्टी कावळ्यानं नेली तर तू दिवसभर बोलायची नाहीस. तीन-चार दिवसांत त्या वाळून लाकडासारख्या व्हायच्या, मग मडक्यात. आणि मग ज्या दिवशी कोरड्यासाला काही नसेल, खुरपणीहून येताना हातात चिमूटभर भाजीसुद्धा नसेल, त्या दिवशी मडक्याचं झाकण निघायचं.

तू चुलीपुढं बसली आहेस. भाकरी झाल्यात. तवा उतरवून तू लाकडं मागं ओढतेस आणि निखारे पुढं घेतेस. मला घाई झालेली असते, मी म्हणते जाळावरच धर की, जल्दी होईल. तू म्हणतेस, "जाळ न्हाई, आर पायजे. जाळावर भाजलं की वरून काळं आन् आतून कच्चं, हुंब, आडमुठ्या माणसावानी." पऱ्हाटीचा आर टिकत नाही, बाभळीचा टिकतो, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. तू पट्टी आरावर ठेवतेस आणि बोटांनीच उलटतेस, पुन्हा उलटतेस, पुन्हा. चिमटा घरात होता, पण तुला तो आवडायचा नाही. तुझ्या बोटांची टोकं इतकी निबर झाली होती की त्यांना चटका कळायचा नाही. एवढं करूनही एका बाजूची कड काळी व्हायचीच. मग पट्टी दगडावर ठेवून तू वरवंट्यानं दोन ठोके घालायचीस, राख झटकायचीस, आणि ती काळी, कुरकुरीत कड मोडून आधी माझ्या हातावर ठेवायचीस. "घे, तुझी लाडाची कड." त्या कडेला कडू-खारट अशी एक चव होती. मी ती दाढेखाली धरून ठेवायची, संपू नये म्हणून. शेजारची म्हातारी म्हणायची, पोरीला करपलेलं, खरवडलेलं चारू नको, हिच्या लग्नात पाऊस येईल. तू म्हणायचीस, येऊ द्या, पाहुणे तरी लवकर जातील. माझ्या लग्नात मे महिन्यात खरोखर पाऊस आला, मांडव भिजला, तरी पाहुणे जेवल्याशिवाय हलले नाहीत आणि तू हसून हसून बेजार झालीस.

चौथीत असताना एकदा मी शाळेतून आले आणि दप्तर फेकलं. एका मुलीनं माझ्या दप्तराचा वास घेऊन नाक धरलं होतं आणि चारजणी हसल्या होत्या. मी म्हणाले, आपल्या घराला वास येतो, उद्यापासून भाजू नको. तू मला मारशील असं वाटलं होतं. तू हातातलं खुरपं खाली ठेवलंस आणि माझ्यासमोर उकिडवी बसलीस. "ज्या आरावर पोट भरलं त्याला नाक मुरडायचं न्हाई," एवढंच म्हणालीस, आवाज न चढवता. मग माझं दप्तर धुतलंस आणि चान्यांच्या दोरीपासून लांब, दुसऱ्या टोकाला वाळत घातलंस. रागावलीस तेही खरं आणि दप्तर धुतलंस तेही खरं. मला त्या वयात फक्त धुतलेलं दप्तर कळलं.

पुढं मी शिकले, विज्ञानाची शिक्षिका झाले, जालन्याला आले, आम्ही कॉलनीत दोन खोल्या बांधल्या. तू वर्षातून तीन-चारदा यायचीस. भोकरदनपर्यंत जीप, तिथून एसटी, मांडीवर पिशवी, पिशवीत ज्वारीचं पीठ, शेंगा आणि फडक्यात बांधलेल्या चान्या. इथं चूल नाही म्हणून पापड भाजायची जाळी गॅसवर ठेवायचीस आणि आच बारीक करून बसायचीस, तशीच बोटांनी उलटत. तुझी नात तुझ्या पाठीला लोंबकळत, "आजी, माझी कड." आणि मी खिडक्या लावत फिरायचे. आपल्या भिंतीला भिंत लागून राजस्थानातून पिढ्यांपूर्वी आलेलं एक जैन कुटुंब राहतं, त्यातल्या बाईला सगळी गल्ली भाभी म्हणते. एकदा भाभींनी कुंपणावरून विचारलं, "काही जळून राह्यलं का हो तुमच्याकडं?" मी म्हणाले, "दूध उतू गेलं." तू माझ्या मागंच उभी होतीस. तू आत गेलीस आणि गॅस बंद केलास. त्या दिवशी चान्या अर्ध्या कच्च्याच खाल्ल्या आपण.

मग ते प्रशिक्षण आलं. जाफराबादला, विज्ञान शिक्षकांचं, तीन दिवस. अन्न आणि आरोग्य या विषयावर एक सर आले होते. त्यांनी फळ्यावर दोन लांबलचक नावं लिहिली, हेटरोसायक्लिक अमाइन्स आणि पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन्स. म्हणाले, मांस फार तापलं की त्यातल्याच घटकांपासून पहिली तयार होतात. चरबी निखाऱ्यावर गळून धूर होतो, तो मांसाला बसतो, त्यात दुसरी असतात. यांच्यामुळं कर्करोग होण्याची शक्यता आहे. सगळ्यांनी लिहून घेतलं, मीही घेतलं. माय, तुला खरं सांगते, मला भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला. इतकी वर्षं ज्या गोष्टीची मला लाज वाटत होती, ती बंद करायला आता लाजेचं नाव घ्यायची गरज उरली नव्हती. शास्त्राचं नाव घेता येत होतं. त्या सरांनी 'शक्यता' हा शब्द दोनदा उच्चारला होता. माझ्या वहीत तो आहे, परवाच काढून पाहिला. जालन्याला घरी पोहोचेपर्यंत माझ्या डोक्यातून मात्र तो पार गळून पडला होता.

तू त्याच आठवड्यात आलेली. ओट्याशी उभी राहून मी तुला शिकवलं, वर्गात शिकवते तशी, बोट वर करून. काळं झालेलं मांस म्हणजे विष. त्यानं कॅन्सर होतो. तू पीठ मळता मळता थांबलीस. तुला वाचता येत नव्हतं पण ऐकायचीस मात्र अशी की समोरच्याला आपलं बोलणं तपासून घ्यावंसं वाटावं. तू विचारलंस, "किती खाल्ल्यावर?"

मी म्हणाले, "म्हणजे?"

"म्हंजे एक तुकडा खाल्ल्यावर व्हतं, का जलमभर खाल्ल्यावर? का रोज खाल्ल्यावर? आपुन तर महिन्यातून एकदा खातो."

मला उत्तर माहीत नव्हतं. मला माहीत नाही, असं मी म्हणायला हवं होतं. पोरांना मी रोज सांगते, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, त्यात कमीपणा नाही. तुला मात्र मी म्हणाले, "विष ते विष, माय. थोडं काय आणि जास्त काय. माझ्या पोरीला काळं देऊ नको, एवढं ध्यानात ठेव."

तू माझ्याकडं पाहिलंस. मग म्हणालीस, "बराबर हाय. तू शिकलेली हाईस." आणि पुन्हा पीठ मळायला लागलीस. मला वाटलं, चला, काम झालं. त्या दिवसापासून तू नातीच्या ताटात ठेवायच्या आधी प्रत्येक तुकडा विळीवर धरून त्याची काळी कड काढायला लागलीस, इतकी बारीक, जशी घेवड्याची शीर काढावी. पोरगी रडायची, माझी कड कुठं गेली म्हणायची. तू म्हणायचीस, "तुझी माय न्हाई म्हंती बाई. ती मास्तरीण हाय, तिचं ऐकावं लागतं."

त्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही धावड्याला आलो. दुपारी मी कुणाकडं तरी जाऊन परत आले, पायातल्या चपला बाहेर काढल्या, आणि दारातून पाहिलं तर तू चुलीच्या मागं, भिंतीकडं तोंड करून बसलेली. हातात जर्मनची वाटी. वाटीत काळ्या कडा, पोरीच्या ताटातल्या, माझ्या ताटातल्या, सगळ्या काढलेल्या. तू त्या मिठाच्या खड्याबरोबर खात होतीस. मी ओरडले. आत्ता आठवलं तरी माझा तो आवाज कानाला टोचतो. "माय, हे काय करून राह्यलीस? मी सांगितलं होतं ना!" तू दचकलीस, आणि चोरी पकडल्यासारखी वाटी पदराखाली घेतलीस. जो पदर वाटा झाकायचा तोच.

"मंग टाकायचं व्हय?" तू म्हणालीस. "मांस हाय ते. टाकू कसं?"

"अगं, पण ते वाईट आहे!"

"लेकराला देऊ नको म्हनलीस तू," तू अगदी शांतपणे म्हणालीस. "मला खाऊ नको असं कुठं म्हनलीस?"

मी वाटी हिसकावून घेतली आणि उकिरड्यावर रिकामी केली. तू दारात उभी राहून पाहत होतीस. त्या क्षणी मला राग आला होता तो तुझ्या अडाणीपणाचा, असं मी स्वतःला सांगितलं. पण तू जे बोललीस ते अक्षरन् अक्षर खरं होतं. मी तुझं नावच घेतलं नव्हतं. माझ्या पोरीला नको, माझ्या घरात नको, माझ्या खिडकीतून वास जायला नको. तू काय खावंस याचा विचार माझ्या मनाला शिवलाच नव्हता. आणि तू ते बरोबर ओळखलं होतंस, तक्रार न करता. तुझ्या हिशेबानं गोष्ट सरळ होती. लेकराच्या ताटातलं वाईट काढायचं, आणि काढलेलं टाकवत नाही म्हणून आपण खायचं. आपल्या घरातल्या किती बायांनी असंच केलं असेल, शिळं, करपलेलं, तळाला लागलेलं.

दोन वर्षांनी तुझं अन्न जाईनासं झालं. आधी भाकरी, मग भात, मग पेजही. संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात दुर्बीण घातली, जठरात कॅन्सरची गाठ निघाली, आणि डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. तुला बाजूला बसवायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून तुला सोबतच घेतलं, आणि तिथंच मी चुकले. कारण मी डॉक्टरांना विचारलं, "हे भाजलेल्या मांसामुळं झालं का?" मला खरं तर वाटीबद्दल विचारायचं होतं. डॉक्टर म्हणाले, असं एका माणसाच्या बाबतीत कुणीच सांगू शकत नाही. चुलीचा धूर आहे, मिश्री आहे, खारवलेलं अन्न आहे, पोटातले जंतू असतात, वय आहे, नशीब आहे. कशानं झालं ते विचारू नका, आता काय करायचं ते बघू. मी मान डोलावली. तू मात्र त्यातला माझा प्रश्नच तेवढा ऐकला होतास.

परतताना एसटीत तू खिडकीशी बसलीस. रस्त्याच्या कडेला मोसंबीच्या बागा मागं जात होत्या. मग बाहेरच बघत म्हणालीस, "तुला बी म्या तेच चारलं. लई बारकी होतीस तवापासून. कड तुलाच द्यायची, माझ्या हातानं. तुला बी व्हईल का गं?"

माय, तू त्या दिवशी स्वतःबद्दल एक शब्द विचारला नाहीस. मला किती दिवस आहेत, दुखेल का, काही नाही. आणि मी, विज्ञानाची शिक्षिका, जिच्याकडं सगळ्या गोष्टींचं स्पष्टीकरण असतं, मी बाटली झाकण काढून तुझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पाणी पी, माय." तू दोन घोट घेतलेस, मला बरं वाटावं म्हणून. मला उत्तर द्यायचं नव्हतं असं नाही. मी त्याच क्षणी स्वतःच्या पोटावर हात ठेवून बसले होते आणि तोच प्रश्न मलाही पडला होता. मी तुझ्यासाठी घाबरायला हवं होतं, त्या पाच-दहा मिनिटांत मी माझ्यासाठी घाबरले. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

त्यानंतर तू माझ्याकडं पाच महिने होतीस. रोज सकाळी मी शाळेला निघताना तू अंथरुणातून विचारायचीस, "पोट दुखत न्हाई ना तुझं?" मी म्हणायची, नाही गं. संध्याकाळी आले की पुन्हा. मला वाटायचं, आजारी माणसाला दुसऱ्याचंही दुखत असावं असं वाटतं. एकदा तर मी वैतागून म्हणाले, "माय, दुखतंय तुझं आणि विचारतेस मला." तू ओशाळून हसलीस. शेवटच्या आठवड्यात बोलणं तुटक झालं, तेव्हाही तू नुसती माझ्या पोटाकडं बोट करायचीस आणि भुवया उंच करायचीस. मला ते कशाबद्दल आहे हे कळलं ते तू गेल्यावर, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना चालू असताना, सगळे हात जोडून बसलेले असताना. तू पाच महिने रोज सकाळ-संध्याकाळ एसटीतलाच प्रश्न विचारत होतीस. आपणच आपल्या लेकीला विष चारलं, हे मनात घेऊन तू गेलीस. ती भीती तुझ्या मनात घातली मी, आणि काढून टाकायला पाच महिने हातात असताना काढली नाही.

नंतर मी पुष्कळ वाचलं. आधी वाचायला हवं होतं ते. त्या सरांनी सांगितलं ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. ती दोन नावांची संयुगं खरी आहेत, उंदरांना भरमसाट दिली तर त्यांना गाठी होतात हेही खरं आहे. माणसांच्या बाबतीत मात्र अजून कुणी ठामपणे बोट ठेवू शकलेलं नाही. म्हणून शहाण्यानं फार करपवू नये, रोज खाऊ नये, काळं झालेलं काढून टाकावं, एवढंच म्हणायचं. आणि पुढं काय करावं हे लिहिलं होतं ते वाचून मी पुस्तक मिटलं. थेट जाळावर धरू नका. आच कमी ठेवा. सारखं उलटत राहा. जाळ न्हाई, आर पायजे. तुझी निबर बोटं हेच तर करत होती, आणि मी त्या बोटांसमोर बोट वर करून उभी राहिले होते. आता हा धडा शिकवायची वेळ आली की मी फळ्यावर आधी एकच शब्द लिहिते, 'किती?' पोरं विचारतात, बाई, हे काय? मी म्हणते, हा विज्ञानातला सगळ्यात मोठा प्रश्न आहे, माझ्या आईनं विचारला होता. पोरांना वाटतं, बाईंची आई पण शिक्षिका असणार. मी त्यांना दुरुस्त करत नाही.

आता कालचं. दुर्बिणीची बातमी ऐकून तुझी नात सुट्टी टाकून पुण्याहून आली. दारातच म्हणाली, "आई, आजीच्या चान्या कर ना." आठवडाभर आधीच मी बोकडाचं मटण आणून पट्ट्या गच्चीवर वाळत घातल्या होत्या, ते तिला ठाऊक नव्हतं. रिपोर्ट येण्याच्या आधीच घातल्या होत्या, का ते विचारू नकोस. काल मी पापडाची जाळी गॅसवर ठेवली, आच बारीक केली, आणि खिडक्या उघड्या ठेवल्या. भाजताना उघड्या, या घरात पहिल्यांदा. थोड्या वेळानं कुंपणावरून भाभींचा आवाज आला. त्या आता खूप थकल्यात, काठी घेऊन चालतात. मी बाहेर गेले आणि त्यांनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं, "भाभी, मांस भाजतेय. आईच्या पद्धतीचं आहे. त्या वेळी दूध उतू गेलं म्हणाले होते ते खोटं होतं."

भाभींनी काठी कुंपणाला टेकवली. "मला म्हाईत हाय ना," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईनीच सांगितलं होतं दुसऱ्या दिवशी. माफी मागाया आल्ती बिचारी, मिरच्या घेऊन. मी म्हटलं, आमच्यात चालत न्हाई, पण तुमच्या घरात तुम्ही खावा की, मी कशाला बोलू? मला वाटलं काई पेटलं-बिटलं काय, म्हणून विचारलं होतं." मग हसून म्हणाल्या, "खिडकी बंद कर असं मी कदी म्हटलं होतं का तुला?"

नाही, कधीच नाही. त्या खिडक्या मीच लावल्या होत्या आणि मीच आत कोंडून घेतलं होतं. तू शेजारी जाऊन मिरच्या देऊन मोकळी झालीस आणि मला त्यातलं अवाक्षर बोलली नाहीस, कारण मग माझं दूध उतू गेल्याचं खोटं उघडं पडलं असतं.

माय, हे पत्र तुझ्यापर्यंत पोहोचलं असतं तरी तुला वाचता आलं नसतं. मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि मला माहीत आहे, एसटीतल्या त्या पाच-दहा मिनिटांचा भाग मी गाळला असता. म्हणून ही वही आता पुन्हा कपाटात जाईल, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या खाली. पण उत्तर तेवढं मोठ्यानं म्हणून ठेवते, या रिकाम्या स्वयंपाकघरात. न्हाई झालं, माय. मला काही झालेलं न्हाई. तू मला विष चारलं न्हाईस. तू मला लाडाची कड चारलीस.

आणि एक राहिलं. काल तुझ्या नातीला वाढायच्या आधी मी प्रत्येक तुकडा विळीवर धरला आणि त्याची काळी कड काढली, घेवड्याची शीर काढावी तशी बारीक. ती तेवीस वर्षांची आहे, तरी काढली. सगळ्या कडा एका वाटीत जमल्या. जेवणं झाली, ती आत जाऊन झोपली, आणि मी वाटी घेऊन कचऱ्याच्या डब्यापाशी गेले. झाकण उघडलं. पुन्हा लावलं. मग भिंतीकडं तोंड करून बसले, आणि मिठाचा खडा घेतला.